कळी कुठे टेकवायची?

बापूराव, पेटीचा सूर जरा खाली घ्या. माझा गळा आता तुमच्या पेटीहून जुना झालाय! हं — अजून थोडा. राहू द्या तिथेच.

मंडळी, ऐका. देवाला वंदन झालं, तुम्हाला झालं. आता एक प्रश्न विचारते. अगदी सोपा. दुखतं कुठे?

हसू नका! तुम्ही हो, खांबाला टेकून बसलेल्या — होय, तुम्हीच! कुठे दुखतं? गुडघा. बघा, लगेच सांगितलंत! आणि हातसुद्धा लगेच गुडघ्यावर गेला. ते मागचे काका कंबर धरून बसलेत, त्यांना विचारायलाच नको. डोकं दुखलं की हात कपाळावर, पोट दुखलं की पोटावर. हाताला काही शिकवावं लागत नाही.

पण मंडळी, कधीकधी असं होतं — दुखतंय तर खरं! झोप नाही, घास उतरत नाही, जीव नुसता वरखाली होतोय — आणि हात काही कुठे जात नाही. मांडीवर पडून राहतो बापडा. विचारलं, कुठे दुखतं? तर माहीत नाही! मग हे दुखणं कुठलं? कुणाचं? आणि त्याची जागा शोधायची कशी?

मला विचाराल तर मलाही नीटसं ठाऊक नाही. — म्हणाल, काय बाई आहे, कीर्तनाला उभी राहिली आणि ठाऊक नाही म्हणते! पण ठाऊक असतं तर एका वाक्यात सांगून मी खाली बसले असते. ठाऊक नाही म्हणून तर आख्यान!

हे आख्यान पुराणातलं नाही. देवरुखातलं आहे. ज्या बाईंची गोष्ट, त्यांनीच मला सांगितली — पडवीत फणसाच्या आठळ्या सोलता सोलता. मी तेव्हा अशी म्हातारी नव्हते. केस काळे होते, पाठ ताठ होती, आणि चैत्र-वैशाखात तिकडच्या गावांतून कीर्तनं करत हिंडायचे. काय दिवस होते! कीर्तनाला अंगण पुरायचं नाही. टीव्हीच्या तारा नुकत्या कुठे घराघरांत शिरत होत्या. असो! आठवणींच्या मागे गेले तर आख्यान राहील आणि तुमची शेवटची एसटी जाईल.

तर वरच्या आळीला आठल्यांचं घर. यजमान वामनराव — निवृत्त पोस्टमास्तर. माणूस कसा? शिक्का मारल्यासारखा! पहाटे उठणार. चहा. मग परसातल्या तुळशीला पाणी. मग पुन्हा चहा. आंघोळ, सोवळं नेसून पूजा, नैवेद्य, मग पान. पानावर बोलणं नाही. आणि ह्यांच्या घरात, म्हणजे ह्यांची बायको, द्वारकाकाकू. ह्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हातात वाढायचं भांडं. भात संपला की भात, आमटी संपली की आमटी. लग्न झाल्यापासून हेच! लग्नात नाव घेऊन एक घास भरवला होता काकूंनी, तो पहिला आणि शेवटचा. पुढे कोण कुणाला भरवतंय? तुमच्यात भरवतं का कुणी? बघा, बघा, कशा माना खाली गेल्या!

एका चैत्रात काय झालं — शेजारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. काकू गेल्या. कैरीची डाळ झाली, पन्हं झालं, गप्पा झाल्या. बायका भेटल्यावर उशीर होतोच! परत येऊन पाहतात तो वामनराव ओटीवर आडवे. डोळे उघडे, तोंड वाकडं, शब्द नाही. अर्धांगवायू! उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली.

रत्नागिरीला नेलं. तिथे हळूहळू सावरले. एक नर्सबाई होत्या, त्या चमच्याने पेज भरवायच्या, आणि वामनराव मुकाट्याने खायचे. पुण्याहून मुलगा आला होता, हेमंत. तो म्हणाला, "आई, आता काळजी नाही. घरी नेऊ." आणले घरी. माजघरात कॉट टाकली. काकूंनी हौसेने मऊ भात केला, वर साजूक तूप, मेतकूट. ताट घेऊन गेल्या —

आणि वामनरावांनी डावा हात उचलला आणि डोळ्यांवर ठेवला!

काकू म्हणाल्या, "अहो, भात आणलाय."

हात डोळ्यांवर. तोंड मिटलेलं.

"थोडा तरी. तुम्हाला आवडतो तसा केलाय."

नाही! ओठ नुसते पुटपुटल्यासारखे हलले, आणि पुन्हा मिटले. घास जवळ नेला की मान भिंतीकडे. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. चहा? चहा घ्यायचे! डाव्या हाताने कप धरून सगळा. पाणी घ्यायचे, दूध घ्यायचे. पण ताट आलं रे आलं, की हात डोळ्यांवर.

आता मला सांगा मंडळी, बायकोने याचा काय अर्थ घ्यायचा? परक्या नर्सच्या हातचं खाल्लं. घरी आले आणि बंद! बायको ताट घेऊन आली की डोळे झाकतात! दुसरा काय अर्थ होतो? काकूंनी तोच घेतला. ह्यांना माझं तोंड बघायचं नाही. हे पडले तेव्हा मी घरात नव्हते, डाळ खात बसले होते. त्याचा राग आहे.

बोलता येत असतं तर दोन शब्दांत निकाल लागला असता. पण जीभ अडली होती. "अं... अं..." एवढंच. आणि त्या "अं"चा प्रत्येकाने आपापला अर्थ लावला!

शेजारच्या सिंधूवहिनी म्हणाल्या, "दृष्ट लागल्येय." मीठमोहऱ्या ओवाळल्या. हेमंत म्हणाला, "बाबांना लाज वाटते, दुसऱ्याच्या हातून खायची. आपण बाहेर जाऊ, ताट ठेवून." ठेवलं. ताट निवलं, मांजराने तूप चाटलं. कुणी म्हणालं, मिक्सरमधून काढून द्या. काढलं. वामनरावांनी त्या लगद्याकडे असं पाहिलं, की काकूंनी तो स्वतःच फेकून दिला. गावातले डॉक्टर आले, घसा पाहिला. म्हणाले, "चहा उतरतो म्हणजे गिळता येतंय. मग जेवत का नाहीत, मलाही कोडंच आहे. पण अंगात काही राहिलेलं नाही त्यांच्या. गुरुवारपर्यंत बघू. नाहीतर परत रत्नागिरी, आणि नाकातून नळी."

नाकातून नळी! त्यात हेमंतने समजावलं, "आई, नळी घातली की बरेच दिवस काढत नाहीत. कदाचित..." पुढचं बोलला नाही. पुढचं काकूंना ऐकूच आलं.

अशात सिंधूवहिनींनी काकूंना ओढून नेलं. कुठे? योगासनांच्या वर्गाला! दत्ताच्या देवळातल्या सभामंडपात नाखरे सर सकाळी योग शिकवायचे. काकू म्हणाल्या, "मला काय करायचाय योग? घरात हे असं!" सिंधूवहिनी म्हणाल्या, "तुम्ही आडव्या झालात म्हणजे मग? हेमंत आहे ना घरात. चला, मन जरा थाऱ्यावर येईल."

आता ते नाखरे सर! पांढरी पँट, पांढरा बनियन, आवाज शाळेतल्या कवायतीचा. शिकवायचे मात्र मनापासून. त्या दिवशी म्हणाले, "आज मुकुलमुद्रा. मुकुल म्हणजे कळी. पाची बोटांची टोकं जुळवा. अशी! मिटलेल्या कमळासारखी. जुळली? आता आपल्या शरीरात जिथं दुखतं, तिथं ही कळी हलकेच टेकवा. डोळे मिटा. श्वास सोडताना मनात आणा, की दुखणं निवतंय."

सगळ्यांनी कळ्या केल्या. सिंधूवहिनींची कळी गुडघ्यावर. कुणाची मानेवर, कुणाची पोटावर. सगळीकडे कशी शांतता!

आणि द्वारकाकाकू? पाच बोटं जुळवून हात हवेत धरून बसल्या. कुठे टेकवायची? गुडघ्यावर ठेवून पाहिली. गुडघा म्हणाला, मी बरा आहे. कपाळावर ठेवली. तिथे नुसता घाम. छातीवर ठेवली, वाटलं इथेच असेल! थोडा वेळ बरं वाटलं, आणि हात आपोआप घसरला. पुढे गेला. समोर! हवेत!

"काकू!" सर म्हणाले. "हात भटकतोय."

"हो हो." पुन्हा छातीवर. पुन्हा घसरला. पुन्हा पुढे.

सर जवळ आले. "काकू, दुखतं कुठं तुम्हाला?"

"कळत नाही हो."

"असं कसं? आपलं शरीर, आपल्याला नको कळायला?"

"दुखतंय खूप. पण सापडत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर म्हणाले, "मग बेंबीवर ठेवा. बेंबी मध्यावर असते, सगळीकडे पोचेल." काकूंनी ठेवली. हात पुन्हा पुढे! सर शेवटी वैतागून म्हणाले, "काकू, हवेला दुखतंय का तुमच्या?"

सगळा वर्ग हसला. काकूसुद्धा हसल्या. आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

हसू आलं ना तुम्हालाही? मलाही आलं होतं, त्या सांगत होत्या तेव्हा. पण काकू म्हणाल्या, "बाई, मला खरंच वाटायला लागलं, की मी वेडी होत्येय. आपला हात आपलं ऐकत नाही म्हणजे काय? एक त्यांचा हात ऐकत नाही, एक माझा!"

बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी निघायचं. हेमंत जीप ठरवायला बाजारात गेला. जाण्याआधी आंघोळ करून त्याने देवांवर पाणी घातलं होतं, साखरेची वाटी ठेवली होती, घंटा वाजवली होती. वडील आजारी पडल्यापासून तोच करायचा, आणि बिनबोभाट करायचा. बरं का, पूजा चुकत नव्हती त्या घरात! हे लक्षात ठेवा.

दुपार. घरात दोघंच. काकूंनी ताट वाढलं. भात, वरण, तूप, लिंबाची फोड. मनात म्हणाल्या, हे शेवटचं. कॉटजवळ पाट घेऊन बसल्या. भात कालवला. पाच बोटांत घास धरला. पुढे नेला.

वामनरावांचा डावा हात डोळ्यांवर!

आणि त्या क्षणी, मंडळी, इतके दिवस मनातलं न बोललेली बाई बोलली. "झाका! झाका डोळे! नाही बघायचं ना माझं तोंड? मी नव्हते घरात. माझं चुकलं. पण म्हणून उपाशी राहून जाणार का तुम्ही? मी काय करू? कुठे जाऊ? तो योगाचा मास्तर विचारतो, कुठे दुखतं. मला तेसुद्धा सांगता येत नाही!"

वामनराव म्हणाले, "अं."

"अं काय, अं!"

आणि काकूंनी डोळे मिटून घेतले. हात तसाच. पाच बोटं जुळलेली, टोकाला भाताची शितं. आता तो घास होता का ती कळी होती, काकूंना माहीत नाही. त्या म्हणाल्या, मी नुसती बसले. सरांनी सांगितला तसा श्वास सोडला. म्हटलं, हाता, तुला कुठे जायचंय तिथे जा बाबा! मी नाही आता अडवत.

हात निघाला. पुढे. हळूहळू. आणि कशाला तरी टेकला.

काकूंनी डोळे उघडले.

हात टेकला होता वामनरावांच्या उजव्या हातावर. त्या गेलेल्या हातावर! चादरीवर नुसता पडलेला असायचा तो. पण काकू पाहतात तो काय? त्या हाताची बोटं हलताहेत. अगदी किंचित. अंगठा इकडून यायला बघतोय, बोटं तिकडून यायला बघताहेत. एकमेकांजवळ यायचंय त्यांना. येता येत नाही! डावा हात डोळ्यांवर तसाच घट्ट. आणि ओठ पुटपुटताहेत.

काकूंनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या हाताकडे पाहिलं. पुन्हा आपल्या. काहीतरी ओळखीचं होतं. हे कुठे पाहिलंय? वर्गात? नाही. वर्गाच्या कितीतरी आधी! डावा हात डोळ्यांवर... उजव्याची बोटं जुळलेली... ओठ हलताहेत... आणि हे सगळं जरा लांबून दिसतंय, तिरकं, दाराच्या चौकटीतून...

मंडळी, तुमच्या आलं लक्षात? काकूंच्या लगेच नाही आलं. आपण ज्या गोष्टीकडे रोज पाहतो, ती ओळखायला फार वेळ लागतो!

स्वयंपाकघराच्या दारातून! हातात वाढायचं भांडं घेऊन! रोज! वामनराव देवासमोर बसलेले, पुढ्यात वाढलेलं ताट, डाव्या हाताने डोळे झाकलेले, आणि उजव्या हाताची बोटं जुळवून घास दिल्यासारखा हात ताटाकडून देवाकडे — प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा! एकेका प्राणाला एकेक घास. ते झालं, की तेच ताट उचलून पाटावर. त्याशिवाय घरात कधी घास तोंडात घातला नाही त्या माणसाने. परगावी, इस्पितळात, तिथे नियम नाही, ते वेगळं. चहाला नाही, दुधाला नाही. पण घरात, आपल्या देवासमोर, वाढलेलं ताट? आधी त्याला!

साखरेची वाटी रोज दाखवत होते. ताट कुणी दाखवलंच नव्हतं! ताट स्वयंपाकघरातून निघायचं, ते थेट कॉटवर.

तो माणूस डोळे झाकत नव्हता, नैवेद्य दाखवत होता हो! निम्मा! डाव्या हाताने त्याचं काम चोख केलं. उजवा येत नव्हता. दर वेळी निम्मा नैवेद्य अडून राहायचा, आणि घरचे-दारचे म्हणत होते रागावलाय, लाजलाय, दृष्ट लागल्येय!

"अहो," काकू म्हणाल्या, "देवाला दाखवायचंय का?"

वामनरावांनी डोळ्यांवरचा हात काढला. काकू म्हणाल्या, बाई, त्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येत नाही. हे सांगताना आठळी हातात तशीच राहिली होती त्यांच्या.

आता सुटलं म्हणाल कोडं? कसलं सुटतंय! काकूंची खरी धांदल पुढेच. दाखवायचं कुणी? हेमंत बाजारात. आणि काकूंनी आयुष्यात कधी ताटाचा नैवेद्य दाखवलेला नाही! ते यजमानांचं काम, ह्यांचं काम रांधायचं. कालवलेलं ताट उष्टं झालं का? बाजूला ठेवा, नवं वाढा. पाण्याने चौकोन आधी काढायचा का तुळशीचं पान आधी? चौकोन काढला. पान विसरल्या. परसात पळाल्या. परत येतात तो चौकोन वाळलेला! पुन्हा काढला. ताट ठेवलं. देवघराच्या उंबऱ्यात बसल्या — इथून देव दिसतात आणि माजघरातली कॉटही दिसते.

आणि बोटं? कुठल्या प्राणाला कुठलं बोट? वामनराव दर वेळी वेगळी बोटं जुळवायचे, एवढं आठवत होतं. कोणती, ते नाही. काकूंना एकच येत होती. नाखरे सरांची कळी! पाचही जुळवली. मागे वळून पाहिलं. वामनरावांचा डावा हात डोळ्यांवर गेला. तेव्हा ह्यांनी उजवा उचलला.

"प्राणाय स्वाहा... समानाय..."

"अं!" कॉटवरून!

"अगं बाई, चुकलं? अपानाय? अपानाय स्वाहा. व्यानाय... का उदानाय?"

"अं, अं!"

पोस्टमास्तर हो! वाचा गेली तरी चूक सोडायचे नाहीत! असं अडखळत, चुकत, "अं"वर दुरुस्त करत दोघांनी मिळून एक नैवेद्य दाखवला. डावा हात त्यांचा, उजवा हिचा. पाणी सोडलं. ताट उचललं. कॉटजवळ आणलं. घास केला, पुढे नेला —

आणि वामनरावांनी तोंड उघडलं.

घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. मग थांबले, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाले, "अं!"

आता काय राहिलं?

तेवढ्यात हेमंत दारात. "आई, जीप ठरली, उद्या सकाळी — आई! बाबा जेवताहेत?"

"ओरडू नकोस," काकू म्हणाल्या. "आत जा आणि मीठ घेऊन ये. वरणात घालायचं विसरल्ये मी."

जीप परत पाठवली.

आता गंमत ऐका! काही दिवसांनी काकूंनी गावातल्या शास्त्रीबुवांना विचारलं, असं असं केलं, चाललं का? शास्त्रीबुवांनी कपाळाला आठी घातली. "पाचही बोटं? नैवेद्याला प्रत्येक प्राणाची मुद्रा वेगळी. अशी सरसकट मुद्रा नाही शास्त्रात." मग काकू योगाच्या वर्गाला गेल्या. नाखरे सरांनी सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "मुद्रा बरोबर आहे काकू, पण जागा चुकली. ती स्वतःच्या शरीरावर टेकवायची असते!"

म्हणजे एकाने मुद्रा चूक ठरवली, दुसऱ्याने जागा चूक ठरवली! जेवले मात्र वामनराव. आणि पुढे कितीतरी पावसाळे रोज जेवले, रोज काकूंच्या चुका काढून जेवले.

सरांनी त्या दिवशी पुन्हा विचारलं होतं, "मग काकू, दुखत होतं ते सापडलं का?"

काकू म्हणाल्या, "सापडलं की नाही, मला अजून कळत नाही. पण हात आता भटकत नाही."

मी मध्यंतरी खूप विचार केला या गोष्टीचा. ती मुद्रा होती, नैवेद्य होता, का साधा भाताचा घास? देवाने कोणतं धरलं? वय झालं, किती आख्यानं सांगितली, पण याचं उत्तर मला नाही आलं. तुम्हाला आलं तर सांगा. पण एक विचारते. तुमच्या घरात कुणी तुम्हाला पाहून डोळे झाकतं का? कुणी तुम्ही आलात की मान फिरवतं का? म्हातारी सासू असेल, मोठी झालेली मुलगी असेल, अबोला धरलेला भाऊ असेल. तुम्ही ठरवून टाकलंत, रागावलाय! ठरवलंत ना? नीट पाहिलंत का एकदा, तो काय म्हणायला बघतोय ते? का तुम्ही आपले डोळे मिटून, आपल्याच गुडघ्यावर कळी टेकवून, आपलीच शांती शोधत बसलात?

ध्यानाला बसा. जरूर बसा! बोटं जुळवा, श्वास सोडा, त्याने मन निवतं, मी काही त्याची थट्टा करत नाही. त्या मुद्रेत काकू शांत बसल्या नसत्या, तर त्यांना ते हलणारं बोट दिसलं नसतं. पण हात पुढे जायला लागला, तर त्याला बेंबीवर बांधून ठेवू नका.

बापूराव, सूर धरा. आता आरती होईल, मग प्रसाद. शिरा आहे, मला वासावरून कळलंय! तो हातात येईल, तेव्हा तुमची पाचही बोटं आपोआप जुळतील. कुणी शिकवायला नको. तोंडात घालण्याआधी क्षणभर थांबा, मंडळी. आणि बघा — हात कुठे निघालाय.